ओल्या तुरीच्या करंज्या

पौष लागला की तुरीच्या शेंगेत दाणा भरायचा. बाहेरून शेंग हिरवी, तिच्यावर जांभळट रेघा, आत चार-पाच कोवळे दाणे. दोन-तीन आठवडे दाणा असा राहतो. मग तो टणक होतो आणि त्याची डाळच करावी लागते. या दोन-तीन आठवड्यांत घरी पाहुणे आले, तर त्यांना काय करून घालायचं या विचारात आमच्या गल्लीत कुणी पडायचं नाही. पोरांच्या हाती टोपलं देऊन त्यांना रानात पिटाळायचं, शेंगा आणायच्या आणि तिखट करंज्या करायच्या. पुण्या-मुंबईकडे मटारच्या करंज्या होतात, विदर्भात तुरीच्या सोल्यांची कचोरी होते. इथं बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारात, सिंदफणेच्या काठी, आमच्या घरची करंजी गव्हाच्या पिठाची, ओल्या तुरीच्या दाण्यांची, लसूण-मिरची सढळ हातानं घातलेली. गोड करंजी दिवाळीची, देवाच्या नैवेद्याची. तिखट करंजी पाहुण्याची.

ही करंजी मी आजही करते. ती करणं आता फार सोपं झालं आहे आणि ते मला मनापासून आवडतं. पण तेव्हाची करंजी आणि आत्ताची करंजी एका ताटात ठेवून पाहिली, तर मला चवीतला फरक फारसा जाणवत नाही. फरक जाणवतो तो ती किती घरांत पोचायची, याचा.

तेव्हा पाहुणा कळवून यायचा नाही. पोस्टकार्ड टाकलं तरी कार्डाच्या आधी माणूस पोचायचा. संध्याकाळची मुक्कामी एस.टी. आली की तिच्यातून कोण उतरलं हे साऱ्या गावाला दिसायचं, आणि पाहुणा आमच्या दारात येण्याआधी त्याची वार्ता आलेली असायची. सोयरीक घेऊन आलेला, बी-बियाण्याच्या कामानं आलेला, नुसताच भेटायला आलेला. सकाळी तीच गाडी परत फिरणार, म्हणजे हातात एक रात्र आणि एक पहाट. १९९९ साली शिरूर कासार तालुका झाला आणि मग कचेरीच्या कामासाठीही माणसं येऊ लागली. त्याआधीचा पाहुणा म्हणजे नात्यातला किंवा नातं जोडायला आलेला, आणि त्याच्यापुढे काय ठेवलं हे त्याच्या गावात सांगितलं जायचं.

करंजीला एवढा मान का होता, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. आमचा मुलूख ज्वारी-बाजरीचा. गहू हे पाण्याचं पीक, ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्याच रानात थोडाफार व्हायचा. गव्हाची पोळी सणाला आणि आजाऱ्याला. तेलाचं तर विचारूच नका. करडईचं तेल घाण्यावरून काढून आणायचं, तेही घरच्या करडईतून जेवढं निघेल तेवढं. करडई काटेरी, काढणीला हातापायांना फडकी गुंडाळून बायका जायच्या, म्हणून त्या तेलाचा थेंबही कुणी वाया जाऊ द्यायचं नाही. भाजीला पळीनं मोजून तेल पडायचं. तळण काढायचं म्हणजे कढईभर तेल एकदम ओतायचं. ते ओतताना आजी एक क्षण थांबायची, मला आठवतं. तळण झाल्यावर उरलेलं तेल गाळून ठेवायचं आणि पुढचे कितीतरी दिवस प्रत्येक फोडणीला करंजीचा वास यायचा. डालडा १९३७ पासून बाजारात होता आणि आमच्याकडे तो पिवळा डबा रिकामा झाल्यावर जास्त मोलाचा ठरायचा. पुढं रेशनवर पामतेल मिळू लागलं, तेव्हा कढई जरा मोकळेपणानं चढू लागली. गहू आणि तेल या घरातल्या दोन्ही जपून ठेवलेल्या वस्तू या एका पदार्थात एकत्र यायच्या. पाहुणा न बोलता हे ओळखायचा.

१९७२ च्या दुष्काळात रानात तूरच नव्हती. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. रेशनला अमेरिकेहून आलेला लाल मिलो, लेकरांना सुकडी. त्या पौषात आमच्या घरी पाहुणे आले, त्यांना गुळाचा कोरा चहा दिला. आजीनं त्यांच्यापुढे हात जोडले होते. ते म्हणाले, “आमच्या बी घरी हेच हाय बाई, कामून हात जोडता?” त्या वर्षी करंजी झाली नाही. पुढच्या वर्षी तूर बरी आली तेव्हा आजीनं त्याच पाहुण्यांना सांगावा धाडून बोलावून घेतलं.

शेंगा आल्या की ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, गोणपाट अंथरायचं आणि त्यावर ढीग ओतायचा. सोलायला माणसं बोलवावी लागायची नाहीत. येणारी-जाणारी टेकायची.

“काय गं, कोण आलंय?”

“थोरल्या आत्याचे दीर आलेत, सोयरीक घेऊन.”

“मग लाटायला येते की. पोळपाट आणू का?”

“पोळपाट बी आन, लाटणं बी आन.”

दाणे सोलून झाले की निम्मे अख्खे ठेवायचे आणि निम्मे पाट्यावर भरड वाटायचे. नुसते अख्खे दाणे घातले तर पारी फाटते, नुसते वाटले तर सारण लगदा होतं. पाट्यावरच हिरवी मिरची, लसूण, जिरं आणि मीठ वाटून घ्यायचं. कढईत तेल, जिरं, तीळ, हळद, मग वाटण, मग दाणे. झाकण ठेवून एक वाफ, नंतर झाकण काढून परतत राहायचं. खरी मेहनत या परतण्यात. दाण्यातलं पाणी पूर्ण आटलं पाहिजे, सारण कढईची कड सोडून कोरडं, मोकळं झालं पाहिजे. ओल राहिली तर तळताना तिची वाफ होते, वाफेला वाट हवी असते आणि ती करंजीची कड फोडून बाहेर पडते. फुटलेली करंजी तेल पिते, कढईतलं तेल करपवते.

पिठाचंही तसंच शास्त्र आहे. परातीत गव्हाचं पीठ, थोडा रवा, ओवा, मीठ, आणि वर कडकडीत मोहन. मोहन पिठाला चोळून मूठ दाबली की मुटका वळला पाहिजे. तेल पिठाच्या कणाकणाला लागलं की पाणी घातल्यावर गव्हाचा चिकटपणा फार ताणत नाही आणि पारी खुसखुशीत राहते. पीठ घट्ट भिजवायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं. पोळीच्या पिठासारखं सैल भिजवलं तर करंजीला फोड येतात आणि ती गार झाल्यावर मऊ पडते.

चूल पेटायची ती गेल्या वर्षीच्या तुराट्यांवर आणि पळाट्यांवर. तुराटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. करंजीला मात्र मध्यम, सारखा जाळ लागतो. तेल फार तापलं तर वरून लाल आणि आतून कच्ची. म्हणून चुलीपुढे बसणारी बाई फक्त जाळ सांभाळायची, तिनं दुसरं काम करायचं नाही. एकीनं लाट्या करायच्या, एकीनं पुऱ्या लाटायच्या, एकीनं सारण भरून कड दाबायची, आणि जिचा हात चांगला तिनं मुरड घालायची. पितळी कातण घरात होतं, पण पाहुण्यांच्या करंजीला आजी ते लावू द्यायची नाही, मुरडच हवी. गौरींना निरोप देतानाही मुरडीचा कानवलाच लागतो, म्हणजे त्या पुढच्या वर्षी परत येतात. पाहुण्याच्या बाबतीतही आजीच्या मनात तेच असावं.

या सगळ्यात पाच-सहा बाया लागायच्याच. लाटलेली पुरी वाळते, भरलेली करंजी फार वेळ ठेवली तर तळाशी ओलावते, तळताना नजर हलवून चालत नाही. एकटीनं हे करायचं तर मध्यरात्र होईल. म्हणून गल्ली यायची, आणि आलेली प्रत्येक जण जाताना पदराखाली ताटली घेऊन जायची. त्याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. शेतात नवं काही निघालं, घरात वेगळं काही शिजलं, की त्यातलं चार घरी द्यायचं. मला फार नंतर कळलं की हा वानवळा नुसता मनाचा मोठेपणा नव्हता, ती मदतीची परतफेडही होती. पाहुणा एका घरी उतरायचा, पण त्याच्यासाठी राबायची सारी गल्ली, आणि म्हणून खायचीही सारी गल्ली. पाहुण्याच्या ताटात पाच करंज्या गेल्या तर पन्नास बाहेर गेलेल्या असायच्या.

यातला एक भाग मात्र मला तेव्हाही सलायचा आणि आजही सलतो. अख्ख्या, फुगलेल्या, सोनेरी करंज्या पाहुण्याला, मग घरच्या पुरुषांना. फुटलेल्या, तेल पिलेल्या, करपलेल्या त्या जाळापुढे बसलेल्या बाईला. “मला काय, मला कसलीबी चालती,” असं ती म्हणायची आणि ते खरं मानलं जायचं. ज्या बाईनं सगळ्यात अवघड काम केलं तिच्या वाट्याला तुकडे यावेत, हे बरोबर नव्हतं. त्या काळाचं मी कितीही प्रेमानं लिहिलं तरी हे झाकून लिहिता येणार नाही.

आणि दुसरा भाग ज्यांच्या वाट्याला तुकडाही येत नव्हता त्यांचा. तुरीचा दाणा भरतो तेव्हा आमचं निम्मं गाव गावात नसतं. दसरा झाला, दिवाळी जवळ आली की बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार निघतात. शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या सगळ्या भागांतून. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे वळतात. १९५० च्या अखेरीस प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्या उसाला हात लागले ते आमच्या कोरडवाहू गावांचे. जूनमध्ये कपाशीच्या ओळींमध्ये तूर पेरायची, श्रावणात खुरपायची, आणि दाणा खाण्याजोगा होईल तेव्हा आपण उसाच्या फडात. कारखान्याचा पट्टा पडून माणसं परत येईपर्यंत तुरीची डाळ होऊन गेलेली असते. स्वतःच्या रानातल्या ओल्या तुरीची चव वर्षानुवर्षं न घेतलेली माणसं आमच्या गल्लीत होती. माझे धाकटे चुलते आणि चुलती त्यांच्यातलेच.

आजीला हे सोसायचं नाही. कुठल्याशा घरचा माणूस मध्येच गावी आला, किंवा मुकादमाची गाडी नवे मजूर घेऊन निघाली, की तिला कळायचं आणि ती कढई चढवायची. प्रवासाच्या करंज्यांचं सारण वेगळं. कोथिंबीर नाही, कांद्याचं तर नावच नको, दाणे अजून कोरडे परतायचे, तिखट थोडं जास्त. तळून काढलेल्या करंज्या पूर्ण गार होईपर्यंत दुरडीत उघड्या ठेवायच्या, कारण गरम करंजी झाकली की तिच्याच वाफेनं ती सादळते. मग डालड्याच्या रिकाम्या डब्यात जुन्या धुतलेल्या लुगड्याचा कपडा घालून थर लावायचे. पौषातल्या थंडीत त्या दोन-तीन दिवस चांगल्या राहायच्या. डबा कोणत्या कारखान्यावर, कोणत्या टोळीत पोचवायचा हे सांगताना आजी गाडीच्या दारात उभी राहून तीन-तीनदा बजावायची.

चुलती परत आल्यावर सांगायची. पहाटे फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची, आणि कोपीत येऊन भाकरी थापायची. असा डबा आला की कोपीकोपीतून माणसं जमायची. “अर्धी-अर्धी आली बगा वाट्याला. पर घरची तूर हाय म्हणून लोकं वास घेत बसले.” फडावर तिच्या घरी कुणी पाहुणा येणं शक्यच नव्हतं, आणि तरी त्या संध्याकाळी तिनं टोळीतल्या सगळ्यांना आपल्या हातानं वाढलं, याचा आनंद तिच्या बोलण्यात असायचा.

गावात मागे राहिलेली लेकरं हा आणखी एक वाटेकरी. आई-बाप फडावर, लेकरं आजीपाशी किंवा कुणाच्या तरी दारात. त्यांच्यासाठी नंतर हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. आजीच्या काळी मात्र वसतिगृह म्हणजे आमच्यासारख्यांची ढाळज. तळणाचा वास सुटला की ती लेकरं उंबऱ्याशी येऊन बसायची, काही मागायची नाहीत. आजी पहिला घाणा पाहुण्याला न देता त्यांना द्यायची. कुणी टोकलं तर म्हणायची, “पाव्हणे रातभर हायेत. लेकरं झोपून जातील.”

सारण भरून कड मिटवण्याची ही कल्पना काही आमच्या एकट्या गावाची नाही. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेला, म्हणजे आमच्या मराठवाड्यात आणली. त्याच्याच दरबारी काही वर्षांनी आलेल्या प्रवासी इब्न बतूतानं त्या दरबारातल्या मेजवानीतला समोसा लिहून ठेवला आहे : बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले घातलेला खिमा, पातळ पारीत गुंडाळून तुपात तळलेला. पुढं आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो, १९५६ ला मुंबई राज्यात आलो. त्या हैदराबादेत आजही लग्नाच्या जेवणात लुखमी असते. तीही भरलेलीच, पण चौकोनी आणि चपटी, आत खिमा. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान कुटुंबात ईदेला अशाच चौकोनी वड्या तळायचे. त्यांच्या चाचींना आमच्या करंजीची मुरड आवडायची आणि आजीला त्यांचा चौकोन. आजीचं म्हणणं एकच, “ह्यांचं बरं हाय, एक पोळी लाटली की चार होत्यात.” त्यांच्याकडून आमच्यासाठी डाळीचं सारण भरलेल्या चार वेगळ्या यायच्या, आमच्याकडून पौषात करंज्या जायच्या. ही चौकोनी वडी पुढं माझ्या फार उपयोगी पडली.

आता घरात पाहुणा फोन करून येतो. निघताना एक, पोचताना एक. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली. आमच्या तालुक्यातल्या रायमोहालाही स्टेशन आहे. मुक्कामाला फारसं कुणी राहत नाही. मोटारीनं आलेला माणूस चहा घेऊन तासाभरात उठतो. त्याच्यासाठी बसस्टँडजवळच्या बेकरीतून पॅटीस आणतात. मैद्याच्या घड्यांमध्ये वनस्पती तुपाचे थर, आत बटाटा, काचेच्या पेटीत गरम ठेवलेलं. गरम असेल तर मलाही आवडतं, आणि दिवसभर काम करून आलेल्या सुनेनं पाहुण्यापुढे ते ठेवलं तर मी तिला नावं ठेवणार नाही. थंडगार पेटीत मटार बाराही महिने मिळतो, तयार पट्ट्या मिळतात, साचे मिळतात. गॅस आला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर ज्यांच्या घरी फक्त चूल होती त्यांच्याकडेही शेगडी पोचली. जाळ सांभाळायला एक बाई बसवून ठेवावी लागत नाही. धुरानं डोळे लाल झालेल्या माझ्या आईला हे दिवस मिळायला हवे होते.

तेलाची गोष्ट मात्र वेगळ्याच वळणावर आली आहे. करडई आमच्या शिवारातून जवळजवळ गेली. तिचे काटे सोसायला मजूर नाहीत, आणि कपाशी-सोयाबीननं जागा घेतली. आता देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून येतं. २०२२ च्या एप्रिलात इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा शिरूरच्या किराणा दुकानात बाया पिशवीवरची किंमत दोनदा वाचत होत्या. त्याच वर्षी दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ आला : शंभर रुपयांत किलोभर रवा, साखर, हरभराडाळ आणि एक लिटर पामतेल. तो लिटर घरी घेऊन जाताना बायकांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी पाहिलं आहे. तेलाची किंमत कळणाऱ्या बायका अजून आहेत.

तूरही बदलली. पूर्वीचं देशी वाण लांब मुदतीचं. आता बदनापूरच्या संशोधन केंद्रानं काढलेलं बीडीएन-७११ पुष्कळ जण पेरतात. ते १५० ते १५५ दिवसांत येतं, पांढऱ्या दाण्याचं, कमी पावसात तग धरणारं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं, कारण शेवटच्या टप्प्यात ओल कमी पडून तूर वाळून जाण्याचं भय कमी झालं. पण ओला दाणा आता पौषाची वाट पाहत नाही, आधीच भरतो. पाण्याची तऱ्हाही सांगता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातली पिकं पाण्याखाली गेली. तुरीच्या मुळाशी पाणी साचलं की ती मान टाकते. त्या वर्षी शेंगांसाठी मला बाजारात फिरावं लागलं.

आणि गल्ली येत नाही. कुणाचं कुणाशी बिनसलंय म्हणून नाही. गॅस, मिक्सर आणि साचा असला की एकटी बाई तासा-दीड तासात पंचवीस करंज्या करते. तिला कुणाची गरज लागत नाही, म्हणून ती कुणाला हाक मारत नाही, आणि कुणी राबलेलं नसल्यानं ताटलीही कुठं जात नाही. करंज्या पाहुण्यापुढे येतात, उरलेल्या फ्रीजमध्ये जातात. मदत संपली तसा तिच्या मागोमाग वानवळाही संपत आला. मला त्या मदतीसाठी पुन्हा कुणाला चुलीपुढे बसवायचं नाही. पण ताटली मला हवी आहे. ती आता आपोआप जाणार नाही, ठरवून पाठवावी लागेल, एवढंच. म्हणून मी पाहुण्याच्या हिशेबानं करंज्या करतच नाही, दुप्पट करते.

सोपं कसं करायचं ते सांगते. दोन वाट्या ओले तुरीचे दाणे घ्या, नसतील तर सोलाणा म्हणजे ओला हरभरा, तोही नसेल तर मटार. निम्मे मिक्सरमध्ये एकदाच फिरवून भरड करा. पाच-सहा हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ वाटून घ्या. दोन चमचे तेलात तीळ, हळद, वाटण आणि दाणे परता. शिजले की चमचाभर भाजलेलं बेसन भुरभुरवा. ते उरलीसुरली ओल ओढून घेतं आणि आजीला जे अर्धा तास परतून मिळायचं ते पाच मिनिटांत मिळतं. वरून लिंबू आणि कोथिंबीर. सारण आदल्या रात्री करून ठेवलं तर उत्तम. गार सारणानं पारी फाटत नाही.

पिठासाठी दोन वाट्या कणीक, पाव वाटी बारीक रवा, ओवा, मीठ आणि चार चमचे कडकडीत तेल. घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. मग करंजीच्या नादी न लागता आमच्या चाचींसारखं करा. मोठी, जरा जाडसर पोळी लाटा, कडा कापून चौकोन करा, त्याचे सुरीनं लहान चौकोन पाडा. एका चौकोनावर सारण, कडेला पाण्याचं बोट, वर दुसरा चौकोन, आणि काट्या-चमच्यानं कड दाबत जा. मुरड घालायला शिकण्यात जन्म जातो, अशी कड दाबणं मात्र दहा वर्षांच्या मुलालाही जमतं. माझा नातू सुट्टीत आला की कडा तोच दाबतो. मंद ते मध्यम आचेवर तळा. ओव्हन असेल तर वरून तेलाचा हात फिरवून १८० अंशांवर वीस मिनिटं, मध्ये एकदा उलटा. ओव्हनमधलं कोरडं होतं, पण ज्यांना तळण वर्ज्य आहे तेही पंगतीला बसतात. आमच्याकडे आता साखर-रक्तदाबाचा एक तरी पाहुणा असतोच. कच्च्या वड्या ताटात सुट्या गोठवून मग पिशवीत भरल्या तर अचानक आलेल्या माणसासाठी थेट तेलात सोडता येतात, फक्त आच कमी ठेवायची.

पहिला घाणा निघाला की डबा भरायचा. आमच्या गल्लीत दिवाळीनंतर चार घरं अशी असतात जिथं फक्त म्हातारी माणसं मागे असतात. लेक-सून कारखान्यावर, हातात मोबाइल, व्हिडिओवर रोज बोलणं होतं, पण ताटात काय आहे ते शेवटी शेजाऱ्यालाच दिसतं. नातवाच्या हातानं डबे धाडते. फडावर आता मध्येच जाणारी गाडी सापडणं तेवढं अवघड नाही. गेल्या हंगामात शेजारच्या पोराच्या पिकअपमधून एक डबा पोचला, आणि चुलतीच्या सुनेचा फोन आला : “आत्या, चौकोनी कामून केल्या? आमची टोळी म्हनती, ह्या करंज्या न्हाईत.” तिला सांगितलं, आतलं खाऊन बघ. पुढचा डबा दिला तर त्यात तिच्यापुरत्या चार मुरडीच्याही असतील.

पाहुण्यांना वाढताना बरोबर चिंचेची चटणी देण्याची आता पद्धत पडली आहे. आमच्याकडे दही आणि लसणाची कोरडी चटणी असायची, ती मला अधिक बरी वाटते. आणि सारण उरलंच, तर दुसऱ्या दिवशी त्यात कच्चा कांदा चिरून, वरून करडईच्या तेलाची धार सोडून गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खावं. करडईचं तेल घाण्यावर अजून मिळतं, जरा शोधावं लागतं.